जावईबापू आले, सर तुम्ही आत जा!

अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याचे रिकामे डबे कधी साठतात ते कुणालाच कळत नाही. एक ठेवला, दोन ठेवले, आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर कोसळतात. आमच्या बेसबॉल टीमच्या एका खेळाडूचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. परवा सून म्हणाली, "बाबा, एकदाचे लिहून काढा. म्हणजे जेवताना सांगणार नाही."

त्या खेळाडूचं खरं नाव मी लिहिणार नाही. टीमचंही नाही. न जाणो, त्यांचा वकील मराठी वाचणारा निघायचा! मी भित्रा माणूस आहे. एकतीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, पण दर सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी वाटायचं, आज आपलं बिंग फुटणार.

*

रविवारी दुपारी आमच्या श्रूजबरी गावात वानखेड्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही चौघं मॅच बघतो. डॉक्टर वानखेडे मूळचे नागपूरचे, आता रिटायर्ड. त्यांच्या पत्नी शीलाताई. सॉफ्टवेअरमधला सोनावणे, आमच्यातला तरुण, म्हणजे पंचेचाळीसचा. आणि मी.

तीन वर्षांपूर्वी टीमने या खेळाडूला वाजतगाजत आणलं. पेपरात पानभर फोटो, विमानतळावर गर्दी. पहिल्या मॅचला तो ऐटीत आला, तीन चेंडू आले, तिन्ही हुकले, आउट. त्याने हेल्मेट काढलं, केस सारखे केले, आणि रमतगमत परत गेला. तिथे सगळ्यांनी उठून त्याची पाठ थोपटली!

शीलाताई म्हणाल्या, "हा तर जावईच! काही करायचं नाही, आणि वर सगळ्यांनी विचारायचं, दमलात का?"

वानखेडे घाबरून म्हणाले, "हळू बोल न बाप्पा, आपला जावई वर झोपला आहे!"

तेव्हापासून तो जावईबापू.

*

जावईबापू आले त्याच दिवशी सोनावणेने त्यांच्या नावाची जर्सी घेतली होती. आता तो ती फक्त लॉन कापताना घालतो.

शेजारच्या गोऱ्या आजोबांनी एकदा कौतुकाने विचारलं, "मोठा फॅन दिसतोस त्याचा?"

सोनावणे मशीन बंद करून म्हणाला, "नाही. स्वतःला शिक्षा म्हणून घालतो."

आजोबा आत गेले आणि तीच जर्सी घालून बाहेर आले!

*

एका रविवारी मी बाथरूममध्ये होतो. बेसमेंटचं बाथरूम लाँड्री रूमच्या आत आहे. बाहेर एकदम आरडाओरडा झाला. मला वाटलं, वानखेड्यांना काहीतरी झालं. धावत आलो, तर जावईबापूंनी होम रन, म्हणजे आपला सिक्सर, मारला होता.

पुढच्या रविवारी मी ड्रायरमध्ये विसरलेला चष्मा शोधत होतो. (चष्मा ड्रायरमध्ये कसा गेला, तो वेगळा विषय आहे.) पुन्हा आरडाओरडा, पुन्हा होम रन!

तिसऱ्या रविवारी गेलो तर लाँड्री रूममध्ये माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती.

मी शांतपणे समजावलं, "हे बघा, दोन घटनांवरून काहीही सिद्ध होत नाही. याला योगायोग म्हणतात."

सोनावणे म्हणाला, "एकदम बरोबर, सर. फक्त तो योगायोग आत बसून करा."

पूर्वी घरी क्रिकेटची मॅच रंगात आली की कुणाला जागेवरून हलू देत नसत. इथे उलटं. जावईबापू बॅट घेऊन निघाले की तिघं एका सुरात ओरडतात, "सर, आत!" आणि मी, पीएचडी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, उठून आत जातो. वाद घालायचा म्हणजे आपलं बरोबर आहे अशी खात्री लागते.

पहिल्याच दिवशी शीलाताई दारातून म्हणाल्या, "बसलाच आहात, तर मोजे जोडून ठेवा."

*

मी एक वही ठेवली होती. जावईबापूंच्या प्रत्येक बॅटिंगची नोंद. सीझन संपल्यावर मी ती सगळ्यांसमोर उघडली आणि म्हणालो, "मित्रहो, इतका वाईट खेळाडू संख्याशास्त्राच्या दृष्टीने अशक्य आहे."

सोनावणेने पानं उलटली. "सर, यात एकही हिट नाही."

"तेच तर सांगतोय!"

"सर, हिट होते तेव्हा तुम्ही मोजे जोडत असता. कधी एखाद दिवस मोजे लवकर संपले की बाहेर येता, तेव्हाचा तो हुकलेलाच तुम्हाला दिसतो."

मी खाली बसलो. नमुना कसा निवडू नये, हे मी एकतीस वर्षं शिकवत होतो! दोन दिवस जेवण गेलं नाही. एका माणसावर आपण किती अन्याय केला! शेवटी पेपरातले खरे आकडे काढून बघितले. माझ्या वहीत होता तितका तो वाईट नव्हता. नुसताच वाईट होता.

*

आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात एकदा मी प्रमुख वक्ता होतो. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दीडशे माणसं. पंधरा दिवस खपून मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं.

सातव्या मिनिटाला शेवटच्या रांगेत सोनावणे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मला खुणा करायला लागला. बाहेर! बाहेर!

भाषण रटाळ होतंय? वेळ संपली? कसंबसं "जय भीम" म्हटलं, कागद गोळा केले आणि बाजूच्या दाराने थेट पार्किंग लॉटमध्ये गेलो.

पाच मिनिटांनी सोनावणे धावत आला. "सर, थँक यू! मोबाइलवर मॅच चालू होती, तुम्ही हॉलमध्ये होता. गेलात आणि त्याने मारला!"

मी रागावणार, एवढ्यात आयोजक आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, काय मोजकं बोललात! पुढच्या वर्षी पण तुम्हीच!"

*

जावईबापूंवर मनापासून विश्वास ठेवणारं आमच्यात एकच माणूस. माझी नात ईरा. तिच्या खोलीत त्यांचं पोस्टर आहे. मला आत पाठवतात हे कळलं तेव्हा ती भडकली. "आजोबा, यू टॉट स्टॅटिस्टिक्स! हाऊ कॅन यू लेट देम?"

त्या रविवारी ती बरोबर आली आणि निषेध म्हणून माझ्याशेजारी ड्रायरसमोर बसली. आत जाताना दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवून गेली, "माय ग्रँडफादर इज नॉट द प्रॉब्लेम."

मला भरून आलं. खरं सांगायचं तर एव्हाना मला स्वतःला तशी खात्री राहिली नव्हती.

वानखेड्यांनी कागद चष्मा लावून वाचला. म्हणाले, "छान लिहिलं आहे पोरीनं. दार लावून घ्या सर, म्हणजे अजून नीट दिसेल."

*

अकराव्या वाढदिवसाला ईराने एकच गिफ्ट मागितलं. स्टेडियमवर दुपारची मॅच, फक्त आम्ही दोघं. "अँड यू सिट नेक्स्ट टु मी. द होल गेम. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. मलाही एकदा बघायचंच होतं. तीन वर्षांत त्या माणसाची एकही हिट मी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

सकाळीच वानखेड्यांचा फोन. "सर, बसा जी तिच्याजवळ, माझं काही म्हणणं नाही. फक्त तो आला की उठा."

"अहो, नातीला शब्द दिलाय."

"अन् टीमचं काय?"

मी फोन ठेवला. त्यांच्यावर असा फोन मी पहिल्यांदाच ठेवला असेल.

जावईबापू पहिल्यांदा आले. तीन चेंडू, आउट. ईराने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "ही इज जस्ट वॉर्मिंग अप, आजोबा." दुसऱ्यांदा आले, आउट. "द सन वॉज इन हिज आइज." तिसऱ्यांदा आउट झाले तेव्हा तिने माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं आणि पॉपकॉर्न खायला लागली.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे. बेसवर आमची दोन माणसं, एक हिट बसली की जिंकलो, आणि एक जण आउट झाला की मॅच संपली. बॅट फिरवत, केस सारखे करत जावईबापू आले. सगळं स्टेडियम उभं राहिलं.

माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. काय लिहिलं असणार ते वाचायची गरज नव्हती. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिलो. शब्द म्हणजे शब्द.

पहिला चेंडू हुकला.

दुसरा हुकला.

ईराने इनिंग सुरू झाल्यापासून माझी बाही धरून ठेवली होती. ती तिने हळूच सोडली. टोपी डोळ्यांवर ओढली, आणि मैदानावरची नजर न हलवता म्हणाली,

"आजोबा, डोन्ट यू हॅव टु गो टु द बाथरूम?"