कापड तुमचं, शिलाई माझी
मी शिकलो ते थोरल्या वहिनींमुळे. शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की त्याच आठवतात. भूकंपात गावातलं घर पडलं आणि आम्ही लातूरला पत्र्याच्या एका खोलीत आलो. तेव्हा बाहेरगावाहून क्लासला येणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली वसतिगृहं निघत होती. वहिनी त्यांच्या गाद्यांच्या खोळी शिवायच्या, त्यावर माझं कॉलेज चालायचं. मशीन हातानं फिरवायची होती, म्हणून पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधून त्या आपल्या तान्ह्या लेकराला झोका द्यायच्या. एका दुपारी वसतिगृहाची मालकीण तयार खोळी न्यायला आली. झोळीकडे बघून म्हणाली, "लेकराचं मूत लागलं असंल याला. निम्मेच पैसे देईन. लेकरं सांभाळायची का काम करायचं, ठरव एकदा." "दोन्ही करूनच राहिले की, बाई," म्हणत वहिनींनी ब्लेड उचललं आणि वरची खोळ उसवायला घेतली. "येड लागलं का गं? उद्या पोरं येणार हायत!" "कापड तुमचं हाय, घेऊन जावा. शिलाई माझी हाय." झोका चालूच होता. तिसरी खोळ उसवल्यावर मालकिणीनं सगळे पैसे जमिनीवर फेकले. त्या गल्लीतून पुन्हा काम आलं नाही. परवा मी घरून ऑफिसचं काम करत होतो. मांडीवरची मुलगी रडली, तर साहेब फोनवर म्हणाले, "लेकरू घेऊन काम होत नसतं, आजचा पगार कापतो." फोन ठेवून मी पत्र लिहिलं: "ती. वहिनींस नमस्कार. आजचं काम पूर्ण झालं होतं. साहेबांनी पगार कापला, म्हणून ते त्यांना पाठवलं नाही. मुलगी मांडीवरच झोपली आहे."