घरच्या माणसाची चाचणी

नूतन मंचरच्या घरात कॉम्प्युटरवर नेमकं काय करते, हे सासूबाई लंकाबाईंना काही केल्या कळेना. शेवटी तिनं स्वयंपाकघरातलंच उदाहरण दिलं.

"आई, हल्ली प्रोग्रॅम लिहायला एआयचा एजंट असतो. त्याच्या हाताशी टूल असतात, एक शोधायचं, एक तपासायचं. पण त्याला टूल दिसत नाही, त्याची लिहिलेली माहिती तेवढी दिसते. नव्या सुनेनं डब्यावरच्या चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक करावा, तसं. त्या चिठ्ठ्या मी लिहिते."

"आन् चिठ्ठी चुकली म्हंजे?"

"खिरीत मीठ पडतं."

"मग ध्यान देऊन लिहीत जा बाई," लंकाबाई म्हणाल्या आणि तुळशीला पाणी घालायला गेल्या.

नूतन ध्यान देऊनच लिही. देवपूजा आटोपली की माडीवर बसायचं, पुण्याच्या कंपनीनं पाठवलेलं टूल समजून घ्यायचं, त्याची माहिती लिहायची. मग एजंटला नमुन्याची कामं द्यायची. तो ते टूल योग्य वेळी उचलतो का, नको तिथं उचलतो का, हे पाहायचं. अडखळला तर माहिती बदलून पुन्हा पाहायचं. शेवटी शेरा द्यायचा, ठेवावं की काढावं. तिच्या शेऱ्याला कंपनीत वजन होतं.

पारगावचा तिचा चुलतभाऊ सुदर्शन, त्यानं घरी बसून असंच एक टूल केलं. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडला, तर मधल्या कोणत्या बदलानं घात केला, हे ते मागे जात जात शोधी. टूल पसंत पडलं तर नोकरी देऊ, असं कंपनीनं त्याला सांगितलं होतं. त्याचे वडील बाळासाहेब, म्हणजे तात्या, म्हणाले होते, "दिवाळीपोतर वाट बघतो. न्हाई जमलं तर कारखान्यात उसाच्या काट्यावर चिकटवतो तुला."

चाचणीसाठी टूल आलं ते नेमकं नूतनकडं. हा माझा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला द्या, एवढं कळवलं असतं तर भागलं असतं. तिनं ते केलं नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं मात्र मनाशी ठरवलं. सप्ताहाच्या पंगतीत आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात आणि घरची माणसं शेवटी उरलंसुरलं घेऊन बसतात. तेच वळण तिच्या हाताला होतं. सगळ्यांची टूल आधी तपासली, सुदर्शनचं शेवटी घेतलं, मुदत संपायच्या दुपारी. घाईत एक ओळ लिहिली, 'प्रोग्रॅममधला बिघाड शोधतं.'

एजंटनं ते वाचलं आणि दिसेल त्या बिघाडाला तेच टूल लावलं. नेट बंद तिथंही, फाईलच नाही तिथंही. दरवेळी रिकाम्या हातानं परतला. परक्याचं टूल असतं तर तिनं माहिती दुरुस्त केली असती. इथं हात आखडला. भावाला झुकतं माप दिलं म्हणतील. तिनं शेरा दिला, उपयोग नाही, काढावं. देताना आपल्या खरेपणाचं तिला जरा कौतुकच वाटलं. पुढं तेच तिला सगळ्यात जास्त खुपलं.

सुदर्शन काट्यावर लागला.

संक्रांतीच्या सुमारास दुसऱ्याच एका कामात एजंट कालपर्यंत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या बिघाडाशी झटत बसला, तेव्हा तिला भावाचं टूल आठवलं. तिनं माहिती नव्यानं लिहिली. 'आधी चालणारं काही बदलांनंतर बंद पडलं, तरच वापरावं. शेवटचं केव्हा चालत होतं, ते आधी माहीत हवं.' एजंटनं टूल उचललं आणि नडलेला बदल काढून दाखवला. दुसऱ्या कामातही तेच झालं, तिसऱ्यातही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. कंपनीला तिनं सगळं कळवलं, नात्यासकट. उत्तर आलं, टूल ठेवतो, जागा मात्र भरली.

ती पारगावला गेली. सुदर्शन पाळी संपवून ओट्यावर बसला होता. तिनं सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं.

"ताई, दुसऱ्यांची माहिती तू किती येळा बदलतीस?"

"जमेपर्यंत."

"आन् माझी?"

नूतन ओट्याच्या कडेला बसली.

"परका असतो तर बरं व्हतं मग," तो हसून म्हणाला. तिला ते हसू सोसेना. "माझं जाऊ दे. तात्यांना तेवढं सांग. पोराला येतच न्हाई, असं धरून बसलेत ते."

तात्या आत टीव्हीसमोर होते. टीव्हीचा आवाज बारीक करून नूतननं सांगितलं, टूल चांगलं होतं, चूक माझी झाली.

"मग आता घेतील त्याला?"

"नाही, तात्या. जागा गेली."

तात्यांनी टीव्ही बंद केला.

"पोरी, जमलं न्हाई त्याला, असं म्हणून मी गप बसलो व्हतो," ते म्हणाले. "त्याला येत व्हतं, ह्ये कळल्यावर आता कसं गप बसू?"

बाहेर सुदर्शन मोटारसायकल पुसत होता. नूतन तिथंच खाली सतरंजीवर बसून राहिली. चहा आला, तो तिनं घेतला नाही.