पुण्यातून चालू, वलगावातून बंद

वलगावच्या बसस्टँडजवळ वर्षाली काळमेघचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. आठ वर्षं तिनं गावातल्या पोरापोरींचे अर्ज भरले आणि आठ वर्षं एकच बोलणं ऐकलं. सरकारी साइट उघडली नाही की माणसं म्हणायची, "तुह्याच नेटात खोट आहे."

त्या बोलण्याला कंटाळूनच तिनं अकोल्याच्या शेखरकडून, आपल्या कॉलेजातल्या वर्गमित्राकडून, एक प्रोग्राम शिकून घेतला. त्यात बटणं नव्हती की चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून साइटचा पत्ता द्यायचा. मग तिचा संगणक, शेखरचा अकोल्यातला, परतवाड्यातल्या एका ओळखीच्याचा आणि शेखरच्या भावाचा पुण्यातला, असे चारही दर मिनिटाला ती साइट उघडते का ते बघायचे आणि एकमेकांना कळवायचे. मधे कुठली कंपनी नाही, कोणी साहेब नाही. दिसेल ते वेळेसकट नोंदलं जायचं.

जूनमध्ये नर्सिंगच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आली. भाजीवाल्या उत्तमरावांची पौर्णिमा सकाळी नऊलाच येऊन बसली. जातीचा दाखला तिच्या हाती आदल्या दिवशीच पडला होता. साइट उघडलीच नाही. पाच वाजले, मुदत संपली. वर्षालीनं नोंदी छापून काढल्या. वलगाव, अकोला, परतवाडा: दिवसभर बंद. पुणे: चालू.

दुसऱ्या दिवशी बाप, लेक आणि वर्षाली साइट बंद असल्याची तक्रार घेऊन अमरावतीच्या प्रवेश कार्यालयात गेले. साहेबांनी कागद वाचला आणि पुण्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुण्यातून चालू होती ना? मग साइट चालूच होती."

"साहेब, आमी पुण्यात नाही राहत," वर्षाली म्हणाली.

"तक्रार साइट बंद असल्याची आहे. तुमचाच कागद सांगतोय, बंद नव्हती." त्यांनी तसा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला.

वर्षालीला वाटलं, उत्तमराव काही बोलतील. ते बोलले, पण बाहेर रस्त्यावर आल्यावर.

"पुण्यात चालू होती तं तुह्याच इथं काहून बंद पडली, बाई?"

"परतवाड्यातही बंद होती, काका. अकोल्यातही."

"ते तुह्येच लोक ना?"

पौर्णिमा शेजारीच उभी होती. आदल्या दिवशी सकाळपासून साइटसमोर बसलेली तीच, पण ती बापाच्या मागोमाग चालू लागली.

वर्षालीच्या कागदानंच पोरीचं वर्ष घालवलं, असं महिनाभरात गावभर झालं. अर्जवाले अमरावती गाठू लागले. पौर्णिमा बापासोबत बाजारात बसायला लागली. "पुढच्या साली भरू फॉर्म," असं वर्षाली एकदा म्हणाली, तर ती मान वर न करता मेथीच्या जुड्या बांधत राहिली.

दिवाळीच्या सुमारास शेखरचा फोन आला.

"तुह्यं मशीन नोंदीत दिसून नाही राहिलं."

"बंद केलं."

"काहून?"

"त्यायले आपल्या कागदातली एकच ओळ पाहिजे होती," वर्षाली म्हणाली. "ती आपणच लिहून देल्ली."