धावडाटोल्याचं बाळंतपण

कालिंदीबाईंनी सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं बाळंतपणं केली, त्यातली अकरा वर्षं बैहरच्या जंगलपट्ट्यात. लोक त्यांना 'सिस्टरबाई' म्हणत. लग्न राहून गेलं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मले लेकरांची काय कमी?" आसपासच्या टोल्यांतून, म्हणजे आदिवासी पाड्यांतून, माणूस बोलवायला आला की ऊन असो की पाऊस, पिशवी खांद्याला मारून निघायच्या. बालाघाटला बदली झाली तेव्हा वडील चिंतामणराव ऐंशीला टेकलेले होते. इंग्रजांच्या काळात जंगलाच्या नाक्यावर नाकेदार होते ते. बोलणं मोजकं, खोकला फार.

एका गोष्टीचा कालिंदीबाईंना सल होता. त्या अकरा वर्षांत वडील बैहरला एकदाही आले नाहीत. पत्रात त्या टोल्यांची नावं लिहायच्या, कुणाला जुळी झाली, कोण कसं वाचलं ते कळवायच्या. उत्तरात तब्येतीची चौकशी यायची, टोल्यांबद्दल अक्षर नाही.

सत्त्याऐंशी साली श्रावणात रविवार दुपारची एक हिंदी मालिका सुरू झाली. जंगलात राहणारं एक कुटुंब, त्यांना हुसकावणारे साहेबाचे लोक आणि तीन पिढ्या चाललेला जमिनीचा झगडा. शेजारच्या पुष्पलताबाई शेंगा घेऊन पाहायला यायच्या. चिंतामणराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत.

चौथ्या भागात झोपड्या जाळल्या. पडदाभर ज्वाळा, बायांचा आकांत. पुष्पलताबाईंनी पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"असं नाही पेटत."

दोघींनी वळून पाहिलं. म्हातारे उठून बसले होते आणि पडद्याकडे बघत होते.

"भादवा होता. छपरं चिंब ओली. काडी लावली की विझे. घासलेट ओतावं लागलं."

"काका, नाटक आहे ते," पुष्पलताबाई हसून म्हणाल्या. कुणी हसलं नाही, तशा शेंगांची टरफलं गोळा करून त्या निघून गेल्या.

कालिंदीबाईंनी टीव्ही बंद केला. "बाबा, कोणाची छपरं?"

"धावडाटोल्याची."

धावडाटोल्यात कालिंदीबाईंनी सतरा बाळंतपणं केली होती. त्या मानत होत्या की टोला पहिल्यापासून सडकेच्या कडेलाच आहे.

"डोंगरावर होता तवा," म्हातारे म्हणाले. "झाडी तोडून, जाळून पेरायची त्याहीची रीत. ती बंद झाली. साहेबानं हुकूम देल्ला, टोला खाली करा. सगळे निघाले. एक बाई नव्हती निघत. बाळंतीण होती, दोन दिसांची."

"मग?"

"मीच ओतलं. मंग निघाली ती, लेकरू घेऊन. झाडाखाली बसली पावसात. आम्ही उतरून राह्यलतो तवा लेकराचं रडणं येऊन राह्यलतं. अर्ध्या घाटात थांबलं."

"थांबलं म्हणजे?"

"मले काय माहीत? मी मागं नाही गेलतो."

त्या आठवड्यात कालिंदीबाईंना जेवण गेलं नाही. दवाखान्यात पोर जन्मून रडायला क्षणभर उशीर झाला की त्या दाईच्या हातातून ते ओढून घ्यायच्या. शेवटी रजा काढून त्यांनी बैहरची बस धरली. पुढे जीप, आणि सडकेवर चिखल म्हणून शेवटचे दोन कोस पायी.

धावडाटोल्यात सुकवारोबाई दारात कोदोचं धान्य पाखडत होती. साठीची बैगा जमातीची बाई, कपाळापासून पावलापर्यंत गोंदलेली. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं कालिंदीबाईंनीच केली होती. पाणी पिऊन झाल्यावर कालिंदीबाईंनी कसंबसं तोंड उघडलं.

"सुकवारो, जिसने तुम्हारा टोला जलाया था..."

"नाकेदार," ती सूप न थांबवता म्हणाली. "तू उसकी बेटी। पहले दिन से मालूम है।"

"मालूम था? फिर मुझे घर में कैसे आने दिया?"

सुकवारोने सूप खाली ठेवलं. प्रश्न कळला नाही अशा नजरेने तिने पाहिलं. "बच्चा अटका था, बाई। और किसको बुलाती?"

मग तिने सांगितलं. ती बाळंतीण म्हणजे तिची आई. सुकवारो तेव्हा सहा-सात वर्षांची होती, आईच्या पाठीला पाठ लावून बसलेली. लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं. डोंगरावर तिथेच पुरलं. आता तिथे सागवान लावलंय, खोडांवर नंबर घातलेत. आत पाय ठेवू देत नाहीत. आता सडकेकडची ही जागाही सोडा म्हणून नोटीस आली होती. तहसीलमध्ये बाबू म्हणे, तुम्ही पहिल्यापासून या जंगलातले, याला पुरावा काय? कागद दाखवा. कागद कुणाकडे होता?

कालिंदीबाई परतल्या तेव्हा म्हातारे दारात खुर्ची टाकून बसले होते. "जगलं काय थे?" त्यांनी एवढंच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मरणाऱ्यांच्या उशाशी त्या कितीदा तसं बोलल्या होत्या.

"नाही बाबा. तिसऱ्या दिवशी गेलं. मुलगी होती."

"मुलगी," ते म्हणाले. मग त्यांनी कागद मागितला.

तीन दिवस ते सांगत होते आणि कालिंदीबाई लिहीत होत्या. डोंगरावर किती घरं, कोणत्या नाल्यापासून कोणत्या नाल्यापर्यंत शेतं, कोणत्या साली, कोणाच्या हुकुमावरून, घासलेटचे डबे किती. म्हाताऱ्याला सगळं पाठ होतं, जणू एकावन्न वर्षं रोज म्हणत आले होते. "रडण्याचं बी लिही," ते म्हणाले. कालिंदीबाई म्हणाल्या, "बाबा, ते कचेरीत नाही चालत." "तरी लिही." त्यांनी लिहिलं. खाली म्हाताऱ्याने सही केली.

तो कागद टोल्याच्या अर्जाला जोडला गेला. नोटीस थांबली, रद्द झाली नाही. तारखा पडत राहिल्या.

चिंतामणराव मार्गशीर्षात गेले. तेरवीच्या दिवशी पंगत बसायच्या वेळी सुकवारोचे दोन मुलगे अंगणात येऊन उभे राहिले. बातमी त्यांना कुणी दिली, देव जाणे. कालिंदीबाईंनी पाट मांडले, आग्रह केला. ते जेवले नाहीत. तुळशीजवळ उकिडवे बसून त्यांनी ओसरीच्या भिंतीवरचा, म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो निरखून पाहिला, एकमेकांत काहीतरी हळू बोलले, तांब्याभर पाणी प्यायले आणि तीनची बस धरायला निघून गेले.

ते माफ करायला आले होते, की मेला याची खात्री करून घ्यायला? पुढे कालिंदीबाई तारखांना तहसीलमध्ये त्यांच्याच बाकावर बसायच्या. पण हे विचारायची त्यांची कधी छाती झाली नाही.