मोरा बंदराचा गाँगूझलर

आमच्या शेजारच्या टॅलीचाचांइतका कामसू रिकामटेकडा मी जन्मात पाहिला नाही. तीस वर्षं कंटेनर यार्डात आल्यागेल्या खोक्यांची टॅली, म्हणजे मोजून नोंद, घेतली आणि निवृत्त झाल्यावर मोरा बंदरावर बसून आल्यागेल्या लाँच बघायला लागले. डबा, छत्री घेऊन सकाळी वेळेवर हजर! रविवारी मात्र सुट्टी.

चाची अख्ख्या गल्लीला ऐकवायच्या, "घरातलं मीठ संपलेलं दिसत नाय, आनि लाँचमधून कोन उतरला ते बरं दिसतं!"

या बोलण्याला वैतागून चाचांनी एकदा रद्दीतून आणलेली जाडजूड डिक्शनरी माझ्यापुढे आपटली. "वाच! मी रिकामटेकडा नाय, गाँगूझलर हाय."

मी वाचलं. कालव्यातल्या बोटी नुसत्या बघत उभा राहणारा माणूस. इंग्लंडात लिंकनशायर भागातल्या बोलीत 'गॉन' आणि 'गूझ' असे दोन शब्द, दोन्हींचा अर्थ टक लावून बघणे. त्यांच्यापासून हा झाला असावा, असा जाणकारांचा अंदाज.

"बघ, एका बघन्यानं भागलं नाय त्यांचं, दोन लागले!" चाचा जाम खूश.

"पण चाचा, हा कालव्यावरचा शब्द. आपली तर खाडी."

"पानी पानीच ना रे? गप!"

मी त्यांची भरपूर चेष्टा केली, कबूल. पण रोज संध्याकाळच्या लाँचने येणाऱ्या एक नर्सबाई एकदा उतरल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या घरी पहिला निरोप चाचांचा गेला. बाई पलीकडे, भाऊच्या धक्क्यावर, चक्कर येऊन बसल्या होत्या. घरच्यांना पत्ताच नव्हता.

मग शेवाळलेल्या पायरीवरून चाचा घसरले, गुडघा गेला. चाचांच्या मुलाने ठरवलं, बाबांनी आता सीवूड्सच्या फ्लॅटवर आपल्याकडेच राहायचं. तिथे लिफ्ट आहे, समोर मॉल आहे. चाचांचा चेहरा एवढासा झाला. "मॉलमधे काय बघू? तिथं कोनी कुठून येत नाय रे, नुसते फिरतात." मी बोलून गेलो, "चाचा, इथलं मी बघतो."

झालं! आता गोदामातल्या कामावरून सुटलो की मी बंदरावर. लाँच टेकायच्या आत फोन वाजतो.

"लागली?"

"लागतेय, चाचा."

"कोन कोन हाय?"

मी एकेक नाव सांगत जातो. परवा दमलो होतो, म्हटलं, "सगळे नेहमीचेच."

चाचा म्हणाले, "नेहमीचे आले, हीच तर खबर हाय, बेटा. नावं सांग."

मी पहिल्यापासून सगळी नावं सांगितली.