हलक्या हाताची शिकवणी

बाजाराच्या वळणावर, चपलांच्या दुकानाला पाठ लावून, दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्यातल्या दुसऱ्या खुर्चीवर गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रांची रद्दी बसते, कारण सलूनच्या मालकांना जोडीदार कधी पटलाच नाही. मालकांचं खरं नाव मतदार यादीत असेल तेवढंच. गिऱ्हाइकं त्यांना हलकेराव म्हणतात, कारण त्यांचा हात हलका. माणूस खुर्चीत टेकला की पाचव्या मिनिटाला त्याची मान पुढे पडते आणि काम झाल्यावर त्याला हलवून उठवावं लागतं. एकदा एक बस कंडक्टर दाढी करताना असे काही झोपले, की बस त्यांच्यावाचून सुटली आणि प्रवासी फुकटात फिरून आले.

हलकेरावांना या हाताचा गर्व होता आणि तो लपवायची कला त्यांना काही जमली नाही. रस्त्यात कोणाची झुलपं वाकडी कापलेली दिसली, की ते त्याला थांबवून विचारत, "कोणी कापले हो?" सूर असा, जणू त्या माणसाचा खिसाच कापलाय. विचारून झालं की मान हलवत पुढे जात.

आता दैवाची थट्टा बघा. अशा माणसाच्या घरात सहा वर्षांची नात होती आणि तिच्या डोक्याला त्यांना बोटही लावता येत नव्हतं.

नातीला घरात टिटवी म्हणत. दार आपटलं, झाकण पडलं, शेजारचे काका शिंकले, की दोन्ही हात हवेत फेकून ती अशी ओरडे की शिंकणारे काका तिसरी शिंक गिळून टाकत. शर्टाच्या गळ्यामागचं लेबल तिला टोचे. खुर्चीत ती बसत नसे, सांडत असे. आणि केसांना कंगवा लागला की काय झालं ते अख्ख्या गल्लीला कळे. त्यामुळे केसांच्या जटा झाल्या होत्या. एकदा त्यांत पेन्सिलीचा तुकडा सापडला. तो हरवून दोन आठवडे झाले होते.

हलकेरावांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. टिटवी तीन वर्षांची असताना ते तिला मोठ्या थाटात सलूनमध्ये घेऊन गेले होते. नेहमीच्या पद्धतीनं मागून, आवाज न करता आले, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिची मान अलगद मागे कलती केली. पुढच्या क्षणी पावडरचा डबा आरशावर होता, आरसा जमिनीवर होता आणि नातीचे दात आजोबांच्या अंगठ्यात होते.

तेव्हापासून आजोबा घरी आले, की दाढीच्या साबणाच्या वासावरूनच टिटवी ओळखे आणि पलंगाखाली जाई. हलकेराव त्याच पलंगावर बसून चहा पीत. खाली नातीचा श्वास ऐकू येई. बाजारातले लोक "दिव्याखाली अंधार" म्हणून हसत, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण नात आपल्याला भिते, या गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटे.

मग शाळेतून चिठ्ठी आली. सूनबाई कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायचं काम करायची. तिनं कामावर निघता निघता ती मोठ्यानं वाचली. मुलीचे केस डोळ्यांवर येतात, तिला फळा दिसत नाही, ती जागेवर बसत नाही. सुट्टी संपेपर्यंत केसांचं काहीतरी करा.

"झोपेत कापू," हलकेराव म्हणाले.

"बाबा, तिचा झोपेवरचा विश्वास तेवढा उरलाय. तो राहू द्या," सूनबाई म्हणाली. चिठ्ठीच्या मागे शाळेच्या बाईंनी एक पत्ता लिहिला होता. रविवारी ती सासऱ्यांना आणि लेकीला घेऊन तिथे गेली.

दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. छताला झोका टांगलेला, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात माणूस मावेल एवढा रबरी चेंडू. तिथे लहान मुलांवर खेळातून उपचार करणाऱ्या एक तरुण बाई होत्या. टिटवीनं त्यांचं नाव लगेच झोक्याच्या बाई ठेवलं. बाईंनी अर्धा तास तिला नुसतं खेळू दिलं. मग हात-गुडघ्यांवर ओणवं करून मान एकीकडे वळवायला सांगितली. मान वळली की दुसऱ्या बाजूचा कोपर आपोआप वाकत होता. टिटवीलाच त्याचं नवल वाटलं.

"तान्ह्या बाळाची मान जरा मागे गेली की त्याचे दोन्ही हात फाकतात, पाहिलंय ना?" बाई म्हणाल्या. "ते बाळ मुद्दाम करत नाही. त्याचं शरीर त्याला सांगतं, पडलास! बाळ मोठं होतं तशा या सवयी आपोआप शांत होतात. काही मुलांमध्ये त्या थोड्या रेंगाळतात. हिचंही तसंच दिसतंय. दार वाजलं तरी हिचं शरीर म्हणतं, पडलीस! ही हट्टी नाही हो. दिवसभर दचकून दचकून दमते बिचारी."

हलकेरावांनी हळूच स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मग यावर औषध काय?"

"औषध नाही. रोज थोडा खेळ. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं मी म्हणणार नाही, बघत बघत जाऊ. सकाळी घरी कोण असतं?"

मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सूनबाई कारखान्यात. आजीचे गुडघे जाहीरपणे निवृत्त झालेले. सलून दहाला उघडतं. सगळे हलकेरावांकडे बघू लागले.

"काही अडचण नाही," ते म्हणाले. "माझा हात हलका आहे."

"तीच अडचण आहे," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. हलकेराव उठायच्या बेतात होते, तेवढ्यात बाईंनी एक पीस घेऊन त्यांच्या हातावरून अलगद फिरवलं. हलकेरावांच्या अंगावर काटा आला आणि त्यांनी झुरळ झटकावं तसा हात झटकला. मग बाईंनी त्यांचे दोन्ही खांदे भक्कम धरून सावकाश दाबले. हलकेरावांचे डोळे मिटू लागले.

"हलका स्पर्श तिला मुंगी चढल्यासारखा वाटतो. घट्ट, सावकाश दाब तिला सोसतो, आवडतो. हात जड करायला शिका, आजोबा."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकवणी नातीची, पण घाम आजोबांचा. आधी दोघांनी भिंत ढकलायची. मग टिटवीला चादरीत घट्ट गुंडाळायचं. मग गोगलगाईसारखं सावकाश रांगायचं, आणि शेवटी पाठीवर पडून हातपाय चांदणीसारखे पसरायचे, हळूहळू मिटायचे, पुन्हा पसरायचे. पहिल्या दिवशी टिटवी पलंगाखालूनच बघत राहिली आणि हलकेरावांनी सगळा अभ्यास एकट्यानं केला. तेवढ्यात मीटर वाचायला माणूस आला. त्यानं रांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"काही हरवलंय का?"

"हो, गुडघे," आजी खुर्चीतून म्हणाल्या.

चांदणी करायला म्हणून हलकेराव पाठीवर पडले ते पडलेच. उठता येईना. उताण्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय हलवत "अगं, जरा हात दे" म्हणून ते बायकोला विनवू लागले. बायको हसण्यात गुंतली होती. तेव्हा पलंगाखालून दोन छोटे हात आले आणि त्यांचं मनगट ओढू लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा नातीनं आपणहून त्यांना हात लावला होता. हलकेराव खरं तर आता उठू शकत होते. पण ते आणखी पाच मिनिटं पडून राहिले.

त्यानंतर घरात मजाच मजा झाली, पण धंद्याचे तीन तेरा वाजले. सकाळभर जड केलेला हात दहा वाजता हलका होईना. निवृत्त हेडमास्तर दर पंधरवड्याला केस कापता कापता झोपायला येत. ते संपूर्ण वेळ टक्क जागे राहिले. "अहो, डोकं आहे ते, खिळा नाही," ते म्हणाले. दोन गिऱ्हाइकं समोरच्या सलूनमध्ये गेली. हलकेरावांनी त्यांना जाऊ दिलं.

टिटवीच्या ओरडण्याला आता थोडी फट पडू लागली होती. आधी दचकायची, मग क्षणभर थांबायची, मग ओरडायचं की नाही ते ठरवायची. पाचव्या आठवड्यात तर ती चादरीच्या गुंडाळीत आजोबांना टेकून चक्क पेंगली. कपाळावरची झुलपं नाकापर्यंत आलेली. शाळा उघडायला तीन आठवडे राहिलेले. आणि हलकेरावांच्या खिशात कात्री होती.

मूळ स्वभाव कुठे जातो? ते मागून सरकले. दोन बोटांनी, फुलपाखरू धरावं तशी, एक बट उचलली. कच्च.

टिटवीचे हात फेकले गेले आणि ती चादरीसकट पलंगाखाली गेली. त्या संध्याकाळी साबणाचा वास आल्याबरोबर पुन्हा पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आजी एरवी टोमण्याशिवाय बोलत नसत. त्याही गप्प होत्या, आणि ते हलकेरावांना जास्त लागलं.

ते एकटेच झोक्याच्या बाईंकडे गेले आणि मुलांच्या बुटक्या स्टुलावर गुन्हेगारासारखे बसले.

"मागून गेलात?" बाईंनी विचारलं.

"चाळीस वर्षं मागूनच जातोय."

"तिला आधी सांगितलंत?"

"गिऱ्हाइकाला कोण सांगतं?"

"गिऱ्हाईक आपणहून येऊन खुर्चीत बसतं, आजोबा."

हलकेराव स्टुलावरून उठले आणि घरी निघाले. वाटेत एक वाकड्या झुलपांचा माणूस समोरून गेला, पण त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

घरी येऊन ते पलंगासमोर जमिनीवर आडवे झाले. "चुकलं माझं," ते पलंगाखालच्या अंधाराला म्हणाले. "ही माझ्या खणाची किल्ली. सलूनमधल्या सगळ्या कात्र्या त्यात आहेत. आजपासून किल्ली तुझ्याकडे. तू दिलीस तर माझी कात्री चालेल, नाहीतर नाही."

किल्ली त्यांनी आत सरकवली. बऱ्याच वेळानं ती फरशीवरून खरडत आणखी आत गेली.

मग बाजारात एका नव्या तमाशाची चर्चा सुरू झाली. पावणेदहाला हलकेराव पलंगापुढे उभे राहून सहा वर्षांच्या मुलीला "आज कात्री मिळेल का?" म्हणून विचारत. कधी मिळे. कधी "आज नाही" असं उत्तर येई, की त्या दिवशी सलूनमध्ये नुसत्या दाढ्या. गिऱ्हाइकं वैतागत. हलकेराव म्हणत, "वरून हुकूम नाही." आठवडाभरात टिटवी पलंगाबाहेर येऊन किल्ली देऊ लागली. मग भिंत ढकलणं पुन्हा सुरू झालं, मग गोगलगाय. कात्रीचा विषय मात्र आजोबांनी काढला नाही. शाळा उद्यावर आली तरी काढला नाही. जीभ चावून बसावं लागलं, पण बसले.

शाळेच्या आदल्या दिवशी सकाळी हुकूम मिळाला होता. हेडमास्तर खुर्चीत होते. त्यांची डावी बाजू कापून झाली होती, उजवी शिल्लक होती. तेवढ्यात आजींचा हात धरून टिटवी दारात आली. कोणाशी न बोलता ती सलूनच्या भिंतीशी गेली आणि दोन्ही तळवे लावून भिंत दहा वेळा ढकलली. मग खुर्चीपाशी येऊन हेडमास्तरांकडे बघत उभी राहिली.

आयुष्यभर मुलांना उठाबशा काढायला लावलेले हेडमास्तर निमूटपणे उठले.

टिटवी खुर्चीत चढली आणि खुर्ची फिरवून तिनं आरशाकडे पाठ केली. "समोरून काप," ती म्हणाली. "आधी दाब."

हलकेराव तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे चेहरे आरशातच पाहिले होते. हा चेहरा समोर होता, वीतभर अंतरावर, आणि घाबरलेला होता. त्यांनी दोन्ही तळवे तिच्या डोक्यावर घट्ट ठेवले आणि सावकाश दहा अंक मोजले.

"आता आवाज येईल. एक."

कच्च. टिटवीचे हात खुर्चीवरून उडाले, अर्ध्यावर थांबले, आणि परत येऊन त्यांनी आजोबांचे खांदे धरले.

"दोन म्हण," ती म्हणाली.

सात झाले. मग ती म्हणाली, "बस्स."

डावा डोळा उघडा झाला होता. उजव्यावर केस तसेच होते आणि मधली रेघ उंदरानं कुरतडल्यासारखी होती. आणखी दोनच कच्च, की सरळ झाली असती. हलकेरावांचा हात शिवशिवला. त्यांनी कात्री खणात ठेवली.

"कोणी कापले हो?" हेडमास्तरांनी त्यांच्याच सुरात विचारलं.

"मी," हलकेराव म्हणाले. "मी कापले." आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी गिऱ्हाइकाच्या टॉवेलला पुसलं.

टिटवीनं खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आजीचा हात धरला.

"अगं, माझी ही बाजू!" हेडमास्तर उजवा कान धरून ओरडले.

टिटवी दचकली. थांबली. आपल्या उजव्या डोळ्यावरचे केस बाजूला करून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझीपण राहिलीय," ती म्हणाली. "उद्या शाळेतून आल्यावर दोघांची करू."