म्हैस आणि 'कुठे'

इंग्लंडात स्वतःचं विमान बाळगणारा मराठी डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला बरोबर ठाऊक आहे. लेदरचं जाकीट, काळा गॉगल आणि गळ्यात वाऱ्यावर उडणारा मफलर. तर मफलर होता. काकूंनी विणलेला, कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेला, आणि त्याच्यावर हेडफोन. बाकीचं पुसून टाका. आमच्या मेडनहेडच्या काकांइतका जमिनीवरचा माणूस आजवर आकाशात गेलेला नाही.

नातं तसं काहीच नाही. वडिलांचे इस्लामपूरचे वर्गमित्र, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीला तिकडे गेलो तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत राहायचो, म्हणून काका. हॉस्पिटलात भूल द्यायचे. "जन्मभर लोकांना झोपवलं आणि पन्नाशीत स्वतः जागे झाले," असं काकू म्हणायच्या. जागे झाले ते असे, की एका रिटायर होणाऱ्या सर्जनकडून त्यांनी जमिनीवरही उतरणारं आणि पाण्यावरही उतरणारं एक जुनं छोटं विमान घेतलं. खाली होडीसारखं पोट, टाळक्यावर इंजिन आणि पंखांखाली आत-बाहेर होणारी चाकं. काकांनी त्याचं नाव म्हैस ठेवलं. "पाण्यात शिरली की निघायचं नाव नाही आणि बाहेर काढली की चालायचं नाव नाही, दुसरं काय म्हणू?" म्हैस आल्यापासून घरात बोलणं बंद आणि वजनं सुरू. बाथरूममधला काटा दिवाणखान्यात आला. गणपतीच्या आरतीला आलेल्या माणसाला आधी काट्यावर उभं करायचे आणि मगच प्रसाद. वेम्बलीच्या एका बिचाऱ्या जोशीबुवांना म्हणाले, "तुम्ही एकटे आलात तर उडू. मोदक खाऊन आलात तर धावपट्टीवरच फिरू." कुठेही पाणी दिसलं की थांबायचे. थेम्सवर, स्विमिंग पूलवर, अगदी रुग्णाच्या खिडकीतून दिसणाऱ्या बदकांच्या डबक्यावर, डोळे बारीक करून म्हणायचे, "वारा आडवा आहे रे."

साधं विमान चालवायचं लायसन्स त्यांच्याकडे होतं. शिकायचं होतं ते पाण्यावर उतरायला. शिकवायला एक उंच, हडकुळी स्कॉटिश बाई होती. ती दिवसाला चार वाक्यं बोलायची आणि त्यातली तीन चाकांबद्दल असायची. कारण या विमानाची सगळी मेख तिथेच आहे. जमिनीवर उतरताना चाकं बाहेर हवीत, पाण्यावर उतरताना आत. उलटं झालं आणि पाण्याला बाहेरची चाकं लागली, की म्हैस कोलांटी मारते. तिचं पोट वर, आपण खाली. म्हणून दर वेळी मोठ्याने म्हणायचं आणि मान वळवून चाक बघायचं. यातलं म्हणायचं तेवढं काकांनी मनापासून उचललं. गाडी दारात वळवताना, "जमीन. चाकं बाहेर." आंघोळीला शिरताना आतून आवाज, "पाणी. चाकं आत." काकू म्हणायच्या, संध्या सोडून किती वर्षं झाली, ती आता अशी परत आली.

आता खरी गंमत. काका देवाला मानत नव्हते, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालायचे. पण निघताना 'कुठे' विचारलेलं त्यांना चालत नसे. आपल्याकडे विचारायचंच झालं तर "लांब का?" विचारतात, ते ठीक. 'कुठे' आलं की माणूस संपला. परत घरात यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पहिल्यापासून निघायचं. आणि बाईची बोलायची रीत काय, तर इंजिन सुरू झालं की हसून, "व्हेअर टू टुडे, डॉक्टर?" काका इंजिन बंद करून खाली. परत आत, परत "व्हेअर टू?" परत खाली. तिला वाटलं, गृहस्थाला पोटाचा त्रास आहे. शेवटी मी तिला 'लांब का' शिकवलं. ती म्हणायची, "लॅम का?" शाकाहारी काका दर वेळी दचकायचे, पण उडायचे.

बाई सही देईना. तिच्या सहीशिवाय एकट्याने पाण्यावर उतरता येत नव्हतं. "डॉक्टर म्हणतात छान, बघत नाहीत," एवढंच तिचं म्हणणं. इकडे काकूंनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत सही आली तर ठीक, नाहीतर म्हैस बाजारात." दिवाळीच्या आधीच्या शनिवारी शेवटची संधी होती. त्या दिवशी काकांनी मला मागच्या सीटवर घेतलं ते एका अटीवर. मी तोंड उघडायचं नाही. कारण मला नकलांची खोड, आणि मागच्या खेपेला मी हवेत इंजिन खोकल्याचा आवाज काढला होता आणि काकांनी अर्धी रामरक्षा म्हणून टाकली होती.

धावपट्टीवरून उठलो आणि नेमक्या मेंढ्या आडव्या आल्या. खाली, पण काका त्यांच्याकडेच बघत बसले आणि चाकं आत घ्यायची राहिली. पुढे वेल्समध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याचं तळं होतं, तिथे उतरायचं. तळं दिसलं, म्हैस खाली वाकली, काकांनी डोळे मिटल्यासारखे करून खणखणीत म्हटलं, "पाणी. चाकं आत." आणि माझ्या खिडकीतून मला चाक दिसत होतं. बाहेर. छान गोल. बाई गप्प, पुढे बघत. मी म्हटलं, "काका, चाक." काका म्हणाले, "गप्प बस, नकलाकार." पाणी वर येत होतं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते काकूंच्या आवाजात निघालं, तोच सूर, तोच शेवटचा हेल.

"अहो, कुठे निघालात?"

काकांनी एका हिसड्यात म्हैस वर ओढली. विचार नाही, प्रश्न नाही. 'कुठे' आलं, आता पहिल्यापासून. तळ्याला मोठा वळसा घातला, खिशातल्या बाटलीतून घोटभर पाणी प्याले, आणि सुरुवातीपासून सगळं करायचं म्हणून या खेपेला खरोखरच मान वळवली. चाक बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मुकाट्याने दांडा ओढला, चाकं आत गेली, आणि आम्ही पाण्यावर असे टेकलो की बदकांनी फक्त बाजूला सरकून जागा दिली.

बाईने आपला हात कंट्रोलवरून काढला. तो तिथे केव्हापासून होता ते मला तेव्हा दिसलं. "मुलगा काय म्हणाला?" तिने विचारलं. काकांनी स्वतःच सांगितलं, काही न लपवता. तिने त्यांना संध्याकाळपर्यंत उतरवलं आणि उठवलं, आणि दर वेळी काकांची मान आधी वळली, तोंड नंतर उघडलं. मग सही केली.

घरी काकांनी ही सगळी कथा जेवताना हौसेने रंगवून सांगितली. काकूंनी डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"माझ्या आवाजात 'कुठे' विचारलंस? लग्न झाल्यापासून मी यांना एकदा तरी विचारलंय का? इंग्लंडला यायला निघाले तेव्हा नाही, ती म्हैस आणली तेव्हा नाही. दर शनिवारी खिडकीत जीव मुठीत धरून बसते, पण तोंडातून शब्द काढत नाही. आणि तू खुशाल माझं तोंड उसनं घेऊन विचारतोस?"

"काकू, माझं ऐकत नव्हते."

"आणि माझं ऐकलं?"

"लगेच वळले."

काका भातात आमटी कालवत होते. फार मन लावून कालवत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि आवाज एकदम खाली आला.

"विचारलं तरी हे काही थांबायचे नाहीत, असं धरून बसले मी इतकी वर्षं. आणि हे मला तू आत्ता सांगतोस होय रे गाढवा, केस पांढरे झाल्यावर?"